छोटं प्रकाशन, लघुनियतकालिक आणि पोचवण्याची भानगड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुस्तकांच्या स्टॉलवर, फोनवर आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं एकदाची एकत्र केली आहेत. लघुनियतकालिक म्हणजे लिहिणाऱ्यांनीच पदरमोड करून काढलेलं, थोड्या प्रतींचं साहित्यिक नियतकालिक. क्रम महत्त्वाचा नाही, हवं तिथून वाचा. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे. काही एका ओळीत संपतात.

कुठलं प्रकाशन ‘छोटं’ समजायचं?

सरकारी व्याख्या शोधू नका. काय छापायचं हे ठरवणारा माणूस आणि पार्सलला चिकटपट्टी लावणारा माणूस एकच असेल, तर ते प्रकाशन छोटं. गोडाऊन म्हणजे बहुधा पलंगाखालची जागा. वर्षाला दोन-चार पुस्तकं किंवा एखाद-दुसरा अंक निघतो, आणि एखाद्या वर्षी काहीच निघत नाही.

हे सगळं मराठीत कधी सुरू झालं?

१९५४ साली मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं. अंक सायक्लोस्टाइल केलेला, म्हणजे स्टेन्सिल कापून त्यावरून प्रती काढलेला. चित्रे तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते. छापखान्याचं बिल परवडत नाही म्हणून कविता थांबवायची नाही, हा बाणा तिथून सुरू होतो.

साठच्या दशकात मग रांगच लागली. अशोक शहाणे यांचं ‘असो’, औरंगाबादेत भालचंद्र नेमाडे यांचं ‘वाचा’, राजा ढाले यांचं ‘येरू’, चंद्रकांत खोत यांचं ‘अबकडइ’, सतीश काळसेकर, तुळसी परब वगैरे मंडळींचं ‘फक्त’. त्याच सुमारास गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ उभं राहिलं आणि दलित साहित्याचं हक्काचं व्यासपीठ झालं. ते बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त टिकलं. बहुतेक अंक चार-सहा निघून बंद पडले. ते बंद पडले याचं आज फार वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, कारण त्यांतल्या कित्येकांना टिकायचंच नव्हतं.

या लघुनियतकालिकांचं भांडण कोणाशी होतं? मुख्यतः ‘सत्यकथा’शी. मौज प्रकाशनाचं हे मासिक तेव्हा चांगल्या साहित्याचा निवाडा करणारं न्यायालय होतं, आणि या पोरांना त्या न्यायालयात उभंच राहायचं नव्हतं. १९६९ मध्ये त्यांनी गिरगावात खटाववाडीत ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. आता लांबून बघताना एक गोष्ट मान्य करावी लागते. ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखं हस्तलिखितावर काम करणारं संपादन लघुनियतकालिकांना फारसं जमलं नाही. प्रुफांच्या चुका तर विचारू नका. पण जो मजकूर ‘सत्यकथे’च्या दारातून आत जाऊच शकला नसता, तो या अंकांमुळे छापला गेला. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. तिची जागा दुसऱ्या कुठल्या एका मासिकाने घेतली नाही आणि तशी कोणी घेऊही नये, असं माझं मत आहे.

नव्वदनंतर दुसरी लाट आली. ‘अभिधानंतर’, ‘शब्दवेध’, ‘सौष्ठव’ यांच्या भोवती नवे कवी जमले. ‘अभिधानंतर’वाले हेमंत दिवटे पुढे ‘पोएट्रीवाला’ हे प्रकाशन घेऊन इंग्रजी पुस्तकांकडेही वळले. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी ‘कवितारती’ चालवलं, तेही केवळ कवितेसाठी. मुंबई-पुण्याबाहेर बसून असं काही चालवता येत नाही म्हणणाऱ्यांना मी हेच नाव सांगतो.

‘प्रास’बद्दल सगळे एवढ्या आदराने का बोलतात?

कारण अशोक शहाणे यांच्या या प्रकाशनाने थोडीच पुस्तकं काढली आणि ती कशी काढावीत हे दाखवून दिलं. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ मध्ये तिथून आलं. त्यानंतर कोलटकरांचे बाकीचे मराठी संग्रह यायला पाव शतक लागलं. ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’ आणि इंग्रजीतले ‘काळा घोडा पोएम्स’, ‘सर्पसत्र’ हे सगळे कवीच्या अखेरच्या एक-दोन वर्षांत एका धडाक्यात आले. कोलटकर सप्टेंबर २००४ मध्ये गेले. ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

यातली मोलाची गोष्ट पुरस्कार ही नव्हे. जाहिरात क्षेत्रात नावाजलेला कलादिग्दर्शक असलेला कवी स्वतःच्या पुस्तकाचा आकार, टाइप, समास यांवर वर्षानुवर्षं विचार करतो आणि प्रकाशक त्याला ‘या सीझनला द्या’ म्हणून घाई करत नाही, ही खरी चैन आहे. मोठ्या प्रकाशकाला ती परवडत नाही. त्याला दर महिन्याला पगार करायचे असतात.

पुस्तकं मागवायची कुठून?

थेट प्रकाशकाकडून. फोन करा, मेसेज टाका, यूपीआय करा. का, ते पुढच्या हिशेबात आहे.

दुकानातून घेतलं तर काय बिघडलं?

बिघडलं काही नाही, दुकानंही जगायला हवीत. पण २०० रुपयांचं पुस्तक घेऊन हिशेब मांडू. दुकानदाराचं कमिशन चाळीस टक्के धरा, मध्ये वितरक आला की पन्नास. म्हणजे प्रकाशकाच्या हातात १०० उरले. तीनशे प्रतींची आवृत्ती असेल तर एका प्रतीला कागद, छपाई, बांधणी मिळून ८० रुपये सहज जातात. उरले २०. दहा टक्के रॉयल्टी लेखकाला द्यायची म्हटली की तेही गेले. शिवाय माल ‘विक्री अथवा परत’ तत्त्वावर दिलेला असतो. सहा महिन्यांनी कोपरे दुमडलेल्या, किमतीचं स्टिकर चिकटलेल्या प्रती परत येतात आणि त्या कोणी नवीन म्हणून घेत नाही.

तेच पुस्तक थेट विकलं आणि टपालखर्च प्रकाशकाने सोसला, तरी छपाई आणि रॉयल्टी जाऊन ८० रुपयांच्या आसपास उरतात. पुढच्या पुस्तकाचा कागद यातून येतो. त्या कागदावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून अठरा टक्के झाला आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे कागदावर भरलेला कर वजावटीत परत मिळवायची सोय नाही. तो किमतीत तरी जातो, नाहीतर खिशातून तरी.

‘ग्रंथाली’ या प्रकाशन संस्थेने सत्तरच्या दशकात यावर एक तोड काढली होती. वाचकांकडून आगाऊ पैसे घ्यायचे, सभासदांना सवलतीत पुस्तक द्यायचं, दुकानांवर विसंबायचं नाही. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तकं त्या वाचक चळवळीतून लोकांपर्यंत गेली. आज छोटे प्रकाशक ‘प्रकाशनपूर्व सवलत’ म्हणून जे करतात, त्याचं मूळ तिथे आहे.

टपालावरून एवढी आरडाओरड का झाली?

गेल्या काही वर्षांतली या वर्तुळातली सगळ्यात मोठी बातमी कोणता पुरस्कार नव्हता, टपालाचा दर होता. १८ डिसेंबर २०२४ ला डाक विभागाने ‘रजिस्टर्ड बुक पोस्ट’ ही सेवा अचानक बंद केली. या सेवेत एक किलोचं पुस्तकांचं पाकीट ३२ रुपयांत आणि पाच किलोचं ८० रुपयांत देशात कुठेही जायचं, नोंदीसकट. गडचिरोलीतल्या वाचकाला जो दर, तोच दादरच्या वाचकाला. मोठ्या प्रकाशकांचे कुरियरशी करार असतात, त्यांना फारसा फरक पडला नाही. आपल्यासारख्यांना पार्सलचा दर लावून पाठवायची वेळ आली. शंभर रुपयांच्या कवितासंग्रहाला तेवढाच टपालखर्च म्हटल्यावर वाचक साहजिकच म्हणतो, ‘राहू दे, पुण्याला आलो की घेतो.’ तो पुण्याला येतो, पण पुस्तक घ्यायचं राहून जातं.

बरीच ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही टपालसेवा आली. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकीट कुठे पोचलं ते बघता येतं, मात्र ते जमिनीवरून जातं, त्यामुळे घाई करू नका. डेमी आकाराचा (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), सत्तर जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) कागदावरचा दीडशे पानी कवितासंग्रह दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर भरतो, म्हणजे वीस रुपयांत बसतो. जाड पुठ्ठा घालून पॅकिंग केलं तरी तीनशेच्या आत राहतो. दोन पुस्तकं एकत्र घातली की पुढचा टप्पा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं आणि आत जाहिरात चालत नाही. आगामी पुस्तकांची पत्रकं कोंबायची सवय असेल तर ती सोडा.

खरी मेख पुढे आहे. ज्ञान पोस्टमध्ये ठरावीक मुदतीने निघणारी प्रकाशनं बसत नाहीत. म्हणजे पुस्तकाला सवलत, त्रैमासिकाला नाही. वृत्तपत्रांसाठी जो टपालाचा नाममात्र दर आहे, तो नोंदणीकृत आणि महिन्याच्या आत निघणाऱ्या अंकांसाठी. त्रैमासिक तिथूनही बाहेर. सवड मिळेल तेव्हा निघणारं अनियतकालिक पुस्तकासारखं काढलं तर ज्ञान पोस्टच्या खिडकीवर ‘हे पुस्तकच आहे’ अशी बाजू मांडता येते. पटवून द्यायची तयारी ठेवा. नियमाची छापील प्रत सोबत नेली तर बोलणं लवकर आटपतं.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टसुद्धा स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. त्यामुळे ‘रजिस्टर एडीने पाठवा’ असा आग्रह धरू नका.

अमेरिकेतली ‘स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन’ बंद पडली म्हणतात, त्याचा आपल्याशी काय संबंध?

पैशाचा काही नाही. पण समजून घेण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीला १९६९ पासून ही ना-नफा संस्था छोट्या प्रकाशकांची पुस्तकं दुकानांना आणि ग्रंथालयांना पुरवत होती. चारशेच्या आसपास प्रकाशनं तिच्यावर विसंबून होती. मार्च २०२४ च्या अखेरीस एके दिवशी तिने जाहीर केलं की आम्ही कामकाज थांबवलं. प्रकाशकांची पुस्तकं गोदामात, येणी अडकलेली आणि दुसरा वितरक शोधायला वेळ नाही.

आपल्याकडे असं होणार नाही, कारण आपल्याकडे अशी संस्थाच कधी नव्हती. आपले छोटे प्रकाशक पहिल्यापासून पिशव्या उचलून फिरतात. ‘मराठीतही छोट्यांसाठी एकच मध्यवर्ती वितरण हवं’ अशी टूम दर दोन वर्षांनी निघते, तेव्हा मी विचारतो की ते बुडालं तर काय? सगळी अंडी एका टोपलीत ठेवायला माझा विरोध आहे. तीन-चार प्रकाशकांनी मिळून एक स्टॉल, एक यादी, एक पार्सल, इतपत सहकार जमतो. त्यापुढे मानापमान सुरू होतात.

छोट्या प्रकाशनाच्या पुस्तकाला मोठा पुरस्कार मिळू शकतो का?

‘भिजकी वही’चं वर आलंच. बाहेरचं बघायचं तर २०२२ चा आंतरराष्ट्रीय बुकर गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीच्या डेझी रॉकवेलकृत अनुवादाला मिळाला. तो ब्रिटनमध्ये ‘टिल्टेड अ‍ॅक्सिस’ने छापला होता. २०२५ चा बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या दीपा भास्ती यांनी केलेल्या अनुवादाला मिळाला. तो शेफील्डच्या ‘अँड अदर स्टोरीज’चा. दोन्ही छोटी प्रकाशनं. दुसरं तर वर्गणीदारांच्या बळावर चालतं, पुढच्या पुस्तकांसाठी वाचक आधी पैसे भरतात. ग्रंथालीच्या लोकांना यात काही नवल वाटू नये.

मराठीला ही संधी का आली नाही, असा पोटप्रश्न नेहमी येतो. आपल्याकडे मराठीतून इंग्रजीत नेणारे चांगले अनुवादक आहेत, पण मूठभर. आणि छोटा प्रकाशक अनुवादाच्या हक्कांचा करार लेखी करतच नाही. परदेशातून विचारणा आली की मग हक्क कोणाकडे, याचा शोध सुरू होतो. दोन पानांचा करार आजच करून ठेवा.

आयएसबीएन, नोंदणी, परवाना, काय काय लागतं?

पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, घ्यावा. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो ऑनलाइन आणि फुकट मिळतो. ‘आयएसबीएनचे पाच हजार’ असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. नियतकालिकाला तसाच आयएसएसएन असतो, तोही फुकट.

अंक ठरावीक मुदतीने काढणार असाल आणि त्यात चालू घडामोडींवर भाष्य असेल तर नोंदणीचा विषय येतो. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा प्रेस व नियतकालिक नोंदणी कायदा लागू झाला. आता अर्ज पोर्टलवर करायचा, जिल्हाधिकारी कचेरीत घोषणापत्रासाठी घालायच्या खेपा वाचल्या. पुस्तकं या कायद्यात येत नाहीत. म्हणून बरेच जण प्रत्येक अंकाला वेगळा आयएसबीएन घेऊन तो पुस्तक म्हणून काढतात.

ग्रंथालयांना फुकट प्रती पाठवणं सक्तीचं आहे का?

हो. १९५४ च्या कायद्याने प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या चार ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत जायला हवी. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. एवढ्या दंडाला कोण घाबरणार? तरी पाठवा. पन्नास वर्षांनी तुमच्या पुस्तकाची धड प्रत राहिली तर ती तिथेच राहील.

पुस्तक काढायला लेखकाने पैसे द्यायचे असतात का?

दिले जातात, हे उघड गुपित आहे. देण्यात पाप नाही, लपवण्यात आहे. पैसे देत असाल तर किती प्रती छापल्या, त्यातल्या तुमच्या किती, उरलेल्या विकून येणाऱ्या पैशांत वाटा किती, हे कागदावर घ्या. ‘हजार प्रतींची आवृत्ती’ असं पुस्तकात छापून प्रत्यक्षात शंभरच काढल्याचे किस्से सगळ्यांना ठाऊक आहेत. डिजिटल छपाईत पन्नास-शंभर प्रती काढणं सहज शक्य आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगण्यात कमीपणा कसला? ऑफसेट, म्हणजे प्लेट करून होणारी छपाई, परवडायला निदान पाचशे प्रती हव्यात. पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. वेळ लागतो, पण अर्ज करा.

मानधन मिळतं का?

बहुधा नाही. अंकाच्या दोन प्रती मिळतात. दिवाळी अंकाला जाहिराती मिळाल्या तर कधी पैशांचं पाकीट येतं.

एखाद्या कवितेवरून खटला होऊ शकतो का?

झालेला आहे, आणि तो छोट्या प्रकाशकांनी नीट वाचावा असा आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९८३ मध्ये अशोक शहाणे यांनी पोस्टर-कविता म्हणून छापली. तेव्हा काही झालं नाही. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बुलेटिनमध्ये ती पुन्हा छापली गेली, आणि तक्रार झाली. प्रकरण कनिष्ठ न्यायालयापासून चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ मे २०१५ ला निकाल लागला. बुलेटिनचे संपादक देविदास तुळजापूरकर आणि मुद्रक यांच्यावरचा आरोप रद्द झाला, कारण त्यांनी आधीच माफी मागितली होती. कवीवरचा अश्लीलतेचा आरोप मात्र राहिला आणि त्याने खटल्याला सामोरं जावं असं ठरलं. वंदनीय ऐतिहासिक व्यक्तींच्या तोंडी अश्लील शब्द घालताना सवलत कमी मिळेल, अशी न्यायालयाची भूमिका होती. मला ती पटलेली नाही. गांधींना गल्लीबोळातून हिंडवणारी ती कविता गांधींवर नाही, त्यांच्या नावावर जगणाऱ्यांवर आहे.

व्यवहाराच्या दृष्टीने बघायचं तर तक्रार झाली ती पुनर्मुद्रणावर, आणि पहिल्या छपाईनंतर अकरा वर्षांनी. जुनं आहे म्हणून सुरक्षित आहे, असं समजू नका. अशा वेळी छापखाना सगळ्यात आधी हात वर करतो. छापखान्याला मजकूर आधी दाखवा, नंतर कळून बिनसण्यापेक्षा ते बरं. आता दंड संहितेच्या कलम २९२ च्या जागी न्याय संहितेचं कलम २९४ आलं आहे. आशय जवळपास तोच.

साहित्य कसं पाठवायचं?

युनिकोडमध्ये टाइप करून. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधली फाइल बदलताना रफार उडतो, ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ तुटतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात. कवितेत ओळ कुठे तुटते हे कळावं म्हणून सोबत पीडीएफही जोडा. एका वेळी पाच-सहा कविता पुरेत. अख्खी वही पाठवू नका. आणि सोबत छायाचित्र, पुरस्कारांची यादी, व्हिजिटिंग कार्ड यांची गरज नसते. उत्तराला दोन-तीन महिने लागतात, चौथ्या महिन्यात आठवण करायला हरकत नाही.

संमेलनात, महोत्सवात स्टॉल घ्यावा का?

अखिल भारतीय संमेलनात भाडं, मुक्काम, वाहतूक मिळून खर्च निघेलच असं नाही. गाव बघून ठरवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या संमेलनांत लोक पुस्तकं खरोखर विकत घेतात, हा अनेकांचा अनुभव आहे. डिसेंबर २०२३ पासून पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. तिथे गर्दी अफाट असते, पण ती सवलतीच्या फलकांकडे वळते, छोट्यांनी तिथे एकत्रच जावं. १९९९ मध्ये धारावीत बाबूराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या विद्रोही साहित्य संमेलनाचा बाज वेगळा आहे. तिथे दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकासुद्धा हातोहात जातात. कुठेही गेलात तरी सुटे पैसे आणि क्यूआर कोडची छापील पाटी न्या. मांडवात नेटवर्क नसतं, हे गृहीत धरा.

जुने अंक बघायला कुठे मिळतील? आमच्या घरी काही सापडले आहेत, त्यांचं काय करू?

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) इथे चौकशी करा. पण सायक्लोस्टाइल केलेले, आकार आणि मुदत दोन्ही न पाळणारे हे अंक ग्रंथालयाच्या बांधीव खंडांत सहसा गेले नाहीत. ते लोकांच्या घरी, माळ्यावर आहेत.

सापडले असतील तर रद्दीत घालू नका, अंक एकटा-दुकटा असला तरी. गंजलेल्या पिना अलगद काढा, त्या कागद खातात. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि संपादक-मुद्रकाची नावं असलेलं पान यांचे फोटो काढून एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाला कळवा, आणि अंक द्याल तेव्हा पोच घ्या. तोवर ते साध्या सुती कापडात, आडवे, जमिनीपासून वर ठेवा. कोणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका.